एका काळ्या पिशवीची मुभा

मागच्या वर्षी बंबखान्याच्या हॉलमधली प्रश्नमंजूषा आइस हॉकीवर ठेवली होती, आणि तिचा शेवट दोन चुलतभावांनी एकमेकांवर खुर्च्या उचलण्यात झाला. त्याच्या आदल्या वर्षी विषय होता गावाचा इतिहास. त्यात कोणाच्या पणजोबाने कोणाची गाय लांबवली हा प्रश्न निघाला, आणि ती दोन घरं अजून चर्चमध्ये दोन टोकांना बसतात. म्हणून यंदा बंबाचा प्रमुख जॉन ॲलेक याने डोकं चालवलं. ज्याच्यावरून भांडण होणं शक्यच नाही असा विषय काढायचा.

"घरातला कचरा," तो म्हणाला. "काय कुठे टाकायचं, त्याचं सामान्य ज्ञान. कचऱ्यावरून कोण मारामारी करतंय?"

प्रश्न काढायला आणि विचारायला हेक्टर बीटनशिवाय दुसरं नाव कोणाला सुचणं शक्य नव्हतं. हेक्टर शाळेतून उपमुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला. मुख्याध्यापक आले आणि गेले, हेक्टर मात्र कायम 'उप'. निवृत्त झाल्यापासून त्याच्या हातात मायक्रोफोन आला नव्हता, आणि ज्याने आयुष्यभर सकाळच्या प्रार्थनेनंतर सूचना वाचून दाखवल्या त्याला मायक्रोफोनशिवाय जगणं किती जड जातं ते त्याच्या बायकोला, मर्डीनाला विचारा. सूचना आता तिच्यासाठी निघत होत्या.

शिवाय कचऱ्याच्या बाबतीत हेक्टरचा हात अपर किलमोरमध्ये कोणी धरला नसता. (लोअर किलमोर कुठे आहे म्हणाल, तर ते आम्हालाही माहीत नाही. आमच्या कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर असल्या चौकश्या कोणी करत नाही.) डबे, बाटल्या, प्लॅस्टिक निळ्या पिशवीत. उष्टं-खरकटं हिरव्या डब्यात. आणि उरलासुरला कचरा पारदर्शक पिशवीत घालून दर पंधरा दिवसांनी गुरुवारी रस्त्याच्या कडेला ठेवायचा, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला आपली सगळी अब्रू आरपार दिसते. पण काउंटीला, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या सरकारलाही, मन आहे. त्या पारदर्शक पिशवीत प्रत्येक घराला एक काळी पिशवी ठेवायची मुभा आहे. एकच. माणसाचं काही खासगी असतं हे सरकारने मान्य केलंय, आणि शेजाऱ्याच्या काळ्या पिशवीत काय आहे ते विचारायचं नाही, ही गावाची रीत आहे.

हेक्टरच्या काळ्या पिशवीत मरग असायचा.

आता हे नीट सांगायला हवं. मरग म्हणजे ओटचं पीठ, गुराची चरबी आणि कांदा आतड्यात भरून उकडलेला लांबोडका प्रकार. कापून, तळून खातात. आमच्या पूर्वजांनी स्कॉटलंडहून येताना बरोबर आणलेल्या गोष्टींत हा एक, आणि तो वाटेत समुद्रात का पडला नाही याचं हेक्टरला लहानपणापासून कोडं होतं. पण लग्नानंतर पहिल्यांदा मर्डीनाच्या एफीमावशीकडे जेवायला गेला तेव्हा नवा जावई म्हणून तो बोलून गेला, "मावशी, असा मरग माझ्या आईलासुद्धा जमला नव्हता." तोंडाने खाल्ली माती. एफीमावशीला मूलबाळ नाही. ती शेजारच्याच घरात राहणारी. त्या दिवसापासून दर शुक्रवारी, टोकांना निळी लोकर बांधलेले दोन मरग हेक्टरच्या दारात यायला लागले. सोबत तेच एक वाक्य. "कोणाला सांगू नकोस हं, हेक्टर. फक्त तुझ्यासाठी करते. बाकीच्यांना पोटात दुखेल."

इतकी वर्षं ही गोष्ट फर्गसने सांभाळली. फर्गस म्हणजे हेक्टरचा कुत्रा. फर्गसच्या आधी त्याची आई, आणि तिच्याआधी तिची आई होती. तिघांनी मरगाला कधी नाही म्हटलं नाही. ईस्टरच्या सुमाराला फर्गस गेला तेव्हा हेक्टर अंगणात बसून ढसाढसा रडला. गाव म्हणालं, काय माया आहे बघा मुक्या जनावरावर. माया होतीच, पण शुक्रवार दोन दिवसांवर आला होता हेही खरं.

हिरव्या डब्यात टाकावा, तर तिथे मावशी. गेल्या हिवाळ्यात रकून नावाच्या उचापती जनावरांनी तिच्या डब्याचं झाकण मोडलं, तेव्हापासून ती आपलं खरकटं हेक्टरच्याच डब्यात आणून टाकायची. ती वर्तमानपत्रात इतकी नीट गुंडाळून आणायची की हेक्टर ती पुडकी लोकांना दाखवत असे. "याला म्हणतात संस्कार. ना गळती, ना वास," तो म्हणायचा. एकदा त्याने मरग परसात पुरून पाहिला. रकूनांनी तो रात्रीतून उकरला, आणि निळ्या लोकरीचा तुकडा नेमका मावशीच्या पायरीवर सापडला. ती म्हणाली, "चिमण्या कुठून कुठून काय आणतील, नेम नाही." तेव्हापासून उरली ती काळी पिशवी. खरकटं कचऱ्याच्या पिशवीत घालणं म्हणजे नियमाचा सरळसरळ भंग. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे हेक्टरला कळत नव्हतं असं नाही.

"एकदा सांगून टाकू का मावशींना?" त्याने मर्डीनाला विचारलं होतं.

मर्डीनाला डॉक्टरांनी चरबी बंद केलेली, त्यामुळे ती सुटलेली. ती शांतपणे म्हणाली, "ती पहाटे उठून तुझ्यासाठी कांदा चिरते. तिच्या हातचं आवडीने खाणारं जगात एकच माणूस आहे असं तिला वाटतं. तिला कळलं तर मी तुला काळ्या पिशवीत घालीन."

आणि हेक्टर काही फुकट घेत नव्हता. प्रत्येक शुक्रवारी तो मावशीला आपल्या हातच्या रुबार्बच्या जॅमची बाटली द्यायचा. रुबार्बचे ते आंबट लाल देठ त्याच्या परसात वाढत. त्याची आई जॅममध्ये साखर नावापुरती घालायची, हाही तसाच घालायचा. साखर ही भित्र्या माणसांची सोय आहे, असं त्याचं मत होतं. मावशी बाटली छातीशी धरून म्हणायची, "अरे, तुझ्या जॅमवर तर माझा हिवाळा निघतो."

तर प्रश्नमंजूषा. हेक्टरला उत्तरं अधिकृत हवी होती. त्याने काउंटीच्या कचरा खात्यात फोन लावला. पलीकडून बाईंचा आवाज आला.

"मी अपर किलमोरहून हेक्टर बीटन बोलतोय."

"कुठले बीटन? गिरणीवाले की लोहार?"

"लोहार."

"म्हणजे तुमची ती बहीण हॅलिफॅक्सला दिलीय, तीच ना? गुडघ्याचं काय झालं तिच्या?"

गुडघ्याचं, मग दुसऱ्या गुडघ्याचं, मग त्या बाईंच्या स्वतःच्या गुडघ्याचं झाल्यावर हेक्टरने विषयाला हात घातला. लॉब्स्टरची कवचं हिरव्या डब्यात, बरोबर? बरोबर. मग त्याच्या नांग्यांना लावलेले रबरबँड कुठे? बाई म्हणाल्या, विचारून सांगते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाई म्हणाल्या, रबर कचऱ्यात. तिसऱ्या दिवशी एक साहेब म्हणाले, रबरबँड मुळात टाकायचेच कशाला, दाराच्या मुठीला अडकवून ठेवा, आम्ही तसंच करतो. हेक्टरने चहाच्या पुडीबद्दल विचारलं. पुडी हिरव्या डब्यात, दोरा हिरव्या डब्यात, पण त्या दोऱ्याला मारलेली स्टेपलरची पिन? फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. शेवटी साहेब म्हणाले, "मास्तर, तुम्हाला काय वाटतं?"

शाळेत हा प्रश्न विचारायचा हक्क फक्त हेक्टरचा होता. त्याने फोन ठेवला आणि उत्तरं स्वतःच ठरवली.

शेजाऱ्यांनी मात्र सल्ल्यांची कमतरता पडू दिली नाही. फादर कॉलिन खास घरी आले आणि म्हणाले, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी मंतरलेली झावळी कुठे जाते हा प्रश्न हवाच. उत्तर होतं, कुठल्याच डब्यात नाही, ती चर्चला परत द्यायची, आम्ही जाळून राख करतो. पोस्टाशेजारची मायना गिलिस म्हणाली, कपडे वाळवायच्या यंत्रात साचणारा कापूस विचार, त्यावर माझं आणि माझ्या नवऱ्याचं लग्नापासून एकमत नाही. आणि जाता जाता म्हणाली, "नुसते तोंडी प्रश्न कसले विचारतोस? लोक पेंगतील. एक पिशवी टेबलावर ओत आणि सगळ्यांना हाताने वेगळं करायला लाव."

हेक्टरला ही कल्पना इतकी आवडली की संध्याकाळपर्यंत ती त्याचीच झाली. त्याने बसून एक नमुन्याची पारदर्शक पिशवी भरली. धुतलेले डबे, तेलाळ पुठ्ठा, फुटका कप. आणि आत एक काळी पिशवी, तिच्यात वडिलांची जुनी कवळी, सुकलेली बॅटरी आणि एक फाटका हातमोजा, असे तीन अवघड प्रश्न. मग रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर, जरा नाट्य असावं म्हणून, त्याने जाहीर केलं, "शेवटच्या फेरीसाठी आपल्याच रस्त्यावरच्या एका घराची खरीखुरी पिशवी मी आधीच उचलून ठेवली आहे. घराचं नाव सांगितलं जाणार नाही."

पायऱ्यांवर एकदम शांतता पसरली. हेक्टरला वाटलं, आपली भाषणाची ढब अजून गेलेली नाही.

त्या आठवड्यात तीन-चार जण त्याला वाटेत गाठून गेले. जॉन ॲलेक पेट्रोल भरता भरता म्हणाला, "काळी पिशवी उघडणार नाहीस ना रे? नाही, माझं काही नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे." मायना म्हणाली, खासगी ते खासगी. फादर कॉलिन म्हणाले, कबुलीजबाबाचंही एक पावित्र्य असतं, तसंच हे. हेक्टरने मनातल्या मनात हिशेब लावला. जॉन ॲलेकच्या रिकाम्या बाटल्या असणार, मायनाची लॉटरीची तिकिटं, आणि फादरचं काय असेल ते देव जाणे. चोराच्या मनात चांदणं, तो मर्डीनाला म्हणाला आणि गालातल्या गालात हसला. मर्डीना म्हणाली, "तुझ्या मनात तर पौर्णिमा असायला हवी."

गुरुवार उजाडला. गंमत म्हणजे अर्ध्या रस्त्याने पिशव्या बाहेर ठेवल्याच नाहीत. हेक्टरने त्याचा अर्थ लोकजागृती असा घेतला आणि नेहमीसारखी आपली पिशवी ठेवली. त्यात दोन आठवड्यांचे मरग साठलेले, आणि ऑक्टोबरची थंडी असूनही मधे दोन-तीन दिवस चांगलंच ऊन पडलेलं. कचऱ्याची गाडी आली, थांबली आणि गेली. पिशवी मात्र जागच्या जागी. तिच्यावर भगव्या रंगाचं भलंमोठं स्टिकर होतं आणि त्यावर लिहिलं होतं, 'नाकारली. अन्न आढळले.'

प्रश्नकर्त्याच्याच दारात. परीक्षेच्या दोन दिवस आधी परीक्षकाच्या खिशात चिठ्ठी सापडावी, तशी ही गत. हेक्टर सपाता घालूनच धावला. आधी स्टिकर खरवडलं. ते काउंटीने एका बाबतीत तरी मनापासून बनवलेलं होतं, अर्धं निघालं आणि अर्धं राहिलं. समोरून मावशी वर्तमानपत्राचं पुडकं घेऊन हिरव्या डब्याकडे येताना दिसली, तशी त्याने पिशवी उचलून गाडीच्या डिकीत कोंबली.

"कुठे निघालास रे इतक्या सकाळी?" मावशीने विचारलं.

"जरा फिरायला, मावशी."

"सपाता घालून?"

म्हणून त्याला फिरायला जावंच लागलं. चर्चच्या मागचा मोठा डबा गाठला तर तिथे फादर कॉलिन स्वतःच एक काळी पिशवी हातात घेऊन उभे. दोघांनी एकमेकांना हवा छान आहे असं सांगितलं आणि दोघंही आपापला कचरा घेऊन परतले. बंबखान्याच्या डब्याला कुलूप होतं. समुद्रावर गेला तर तिथे एक बाई कुत्रं फिरवत होती. कुत्रं डिकीकडे आलं आणि शेपूट हलवत तिथेच बसून राहिलं. हेक्टरला फर्गसची आठवण आली, आणि त्या कुत्र्याचं डोकं थोपटून तो परत फिरला. शेवटी पिशवी डिकीतच राहिली, आणि तिच्या शेजारी नमुन्याची पिशवीही. हेक्टरने ठरवलं, शनिवार पार पडू दे, मग बघू.

शनिवारी संध्याकाळी हॉल खच्चून भरला. चहाचं मोठं भांडं, ओटची बिस्किटं, सँडविचं. सगळ्यांत पुढच्या टेबलावर फादर कॉलिनच्या शेजारी एफीमावशी बसलेली, ठेवणीतला कोट घालून. ती हेक्टरकडे बघून हसली आणि शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "आमचा जावई आहे." तिला जरा कमी ऐकू येतं, त्यामुळे तिचं सगळं बोलणं हॉलला ऐकू जातं.

पहिल्या फेऱ्या बऱ्या गेल्या. चहाच्या पुडीच्या पिनेवरून मात्र गेल्या वर्षीच्याच चुलतभावांत जुंपली. एक म्हणे पिन उचकटून निळ्या पिशवीत, दुसरा म्हणे एवढीशी पिन उचकटत बसायला आम्ही रिकामटेकडे आहोत काय. खुर्ची उचलली जाणार इतक्यात हेक्टर मायक्रोफोनवर म्हणाला, "शांतता. इयत्ता कोणतीही असो, शांतता." आणि बेटे बसले. दोघंही त्याचे जुने विद्यार्थी. त्या क्षणी हेक्टरला आपण मुख्याध्यापक झाल्यासारखं वाटलं.

"आता शेवटची फेरी," तो म्हणाला. "पिशवी माझ्या गाडीत आहे."

"तू थांब, मी आणतो," जॉन ॲलेक म्हणाला. आणि हेक्टर मायक्रोफोन खाली ठेवायला नको म्हणून थांबला. माणसाला हौस नडते ती अशी.

जॉन ॲलेकने पिशवी आणून मधल्या टेबलावर ओतली. डबे नाहीत, फुटका कप नाही. हेक्टरला काही कळेना. मर्डीनाला मात्र पिशवीच्या कोपऱ्यावरची भगवी चिंधी दिसली आणि तिने दोन्ही हातांनी डोळे झाकले. तोवर मायनाने खासगी ते खासगी हे आपलंच वचन विसरून काळ्या पिशवीची गाठ सोडली होती. ती चांगलीच धीट बाई. आतून टेबलावर चार मरग घरंगळत आले. टोकांना निळी लोकर. वास नंतर आला.

हेक्टरने मायक्रोफोन घट्ट धरला. त्याला वाटलं, आता सगळे आपल्याकडे बघणार. पण कोणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. जॉन ॲलेक छताकडे बघत होता. मायना कानापर्यंत लाल झाली होती. चुलतभाऊ दोघंही आपापल्या बुटांकडे बघत होते. आणि फादर कॉलिन सावकाश उठून उभे राहिले.

"एफी," ते म्हणाले, "मला खोटं बोलता येत नाही. ही पिशवी माझी आहे."

"तुमची कशी, फादर?" जॉन ॲलेक चक्रावून म्हणाला. "माझी आहे ही. माझ्या दारातून उचलली असणार. मरग फक्त मलाच मिळतो. कोणाला सांगू नकोस असं मावशीने..." आणि तो बोलता बोलता थांबला.

"मला पण तसंच सांगितलं होतं," मायना म्हणाली.

"आणि आम्हाला," चुलतभाऊ म्हणाले. हॉकीनंतर ते प्रथमच एका सुरात बोलले.

खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे ज्याने खाल्लं नव्हतं त्या प्रत्येकाला खवखवत होतं. अख्खा रस्ता एकेका काळ्या पिशवीत एकच गुपित घेऊन बसला होता. हेक्टरने गप्प राहायला काहीच हरकत नव्हती. पिशवीवर पाच जणांनी हक्क सांगितला होता आणि सहावा उठत होता. गुन्हा सगळ्यांत वाटला गेला की प्रत्येकाच्या वाट्याला थोडासाच येतो.

मावशी मात्र कोणाकडे बघत नव्हती. तिचा चेहरा हेक्टरला आजवर कधी दिसला नव्हता इतका लहान दिसत होता. कोटाचं बटण धरून ती म्हणाली, "असू दे. बाकीच्यांचं असू दे. माझा हेक्टर तरी खातो." आणि ती त्याच्याकडे वळली. "खातोस ना रे?"

मर्डीनाने बोटांच्या फटीतून बघत मान हलवली. हो म्हण, हो म्हण. हेक्टरने तोंड उघडलं. हातातल्या मायक्रोफोनने त्याचा श्वास हॉलभर ऐकवला.

"मावशी, ती पिशवी माझी आहे," तो म्हणाला. "कुत्रा होता तोवर कुत्रा खायचा."

मावशीने टेबलावरचा एक मरग लोकरीला धरून उचलला.

"हा कुठे जातो?" तिने विचारलं.

"हिरव्या डब्यात," परीक्षक म्हणाला.

"मग काळ्या पिशवीत का घातलास?"

"तुम्ही हिरवा डबा उघडून बघता म्हणून."

"बघत नाही. टाकायला उघडते," मावशी म्हणाली. तिची मान ताठ होती. "तुझा जॅम टाकायला. वर्तमानपत्रात गुंडाळून तुझ्याच डब्यात टाकते. आणि बाटली धुऊन निळ्या पिशवीत. कसं टाकावं ते मला तरी माहीत आहे."

हॉल असा हसला की चुलतभावांनी एकमेकांच्या गळ्यात हात टाकले. यंदाचा चषक कोणाला द्यायचा यावर दुमत झालं नाही. जॉन ॲलेकने तो मावशीपुढे ठेवला. ती मात्र हसत नव्हती. तिने चषक टेबलावरच राहू दिला, कोटाची बटणं लावली आणि घरी गेली. हेक्टर मायक्रोफोन हातात धरून तसाच उभा. ज्या पुडक्यांची त्याने गावभर तारीफ केली होती, त्या प्रत्येकात त्याच्या आईचा जॅम होता.

"तिचं खरं आहे," घरी आल्यावर तो मर्डीनाला म्हणाला. "पण जॅम? निदान कुत्र्याला तरी घालायचा."

"फर्गसला घातला होता तिने," मर्डीना म्हणाली. "तो खाईना."

पुढच्या शुक्रवारी मरग आला नाही. हेक्टरकडे नाही, फादरकडे नाही, कोणाकडेच नाही. इतकी वर्षं जे संकट टळावं म्हणून तो देवाची प्रार्थना करत होता ते टळलं, आणि तो सकाळपासून खिडकीशी उभा. मावशीच्या स्वयंपाकघरात पहाटे दिवा लागला नव्हता. हिरव्या डब्यात पुडकंही नव्हतं. त्याने दोनदा झाकण उघडून पाहिलं.

"तिथे काय सापडणार आहे तुला?" मर्डीना म्हणाली. "पाय आहेत ना? जा की."

तो रिकाम्या हाताने गेला. मावशी टेबलाशी काही न करता बसली होती, आणि काही न करता बसलेली एफीमावशी त्याने कधीच पाहिली नव्हती. आपण एका म्हाताऱ्या बाईची पहाट काढून घेतली, असं त्याच्या मनात आलं.

"मरग आहे का, मावशी?"

"हिरव्या डब्यासाठी हवाय?"

"मला हवाय."

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग उठली, फ्रिजमधून एक उरलेला मरग काढला, जाड काप केले आणि तव्यावर कडा काळसर होईपर्यंत तळले. गरम बशी त्याच्यापुढे ठेवली आणि समोर बसली. हेक्टरने पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्या घासाला तो थांबला.

"खरं सांगू?"

"खोटं चाळीस वर्षं ऐकलंय."

"मीठ कमी आहे. आणि मिरपूड नाहीच."

मावशीने बशीकडे पाहिलं. हेक्टरला वाटलं, संपलं. मग ती उठली, मिठाची बरणी आणली आणि चिमूटभर मीठ त्याच्या बशीत घातलं. तिचे डोळे ओले झाले होते.

"एवढ्या वर्षांत कोणी एक शब्द सांगितला नाही रे," ती म्हणाली. "सगळे छान, छान करत राहिले. मला वाटायचं, खात असतील तर कोणीतरी काहीतरी बोलेल. म्हणून मी वाढवत गेले. या घरात दिला, त्या घरात दिला. कोणीच नाही बोललं."

हेक्टरने बशी रिकामी केली. आवडला असं म्हणणार नाही, पण रिकामी केली. दारापर्यंत सोडायला आली तेव्हा मावशी म्हणाली, "आता माझंही ऐक. तुझ्या जॅमला साखर हवी. भरपूर. तोंड वाकडं होतं."

साखर. त्याच्या आईच्या जॅमला. हेक्टर रस्ताभर स्वतःशी बडबडत गेला. ज्या बाईने मरगात कधी मिरपूड घातली नाही ती मला साखर शिकवणार. आई असती तर तिने यांना दाखवलं असतं. घरावरून तो तसाच पुढे गेला, वळणावर दुकान लागलं, आणि अजून बडबडतच तो आत शिरला आणि साखरेची मोठी पिशवी घेऊन बाहेर आला. कागदाची होती. रिकामी झाल्यावर ती कुठे जाते ते त्याला नक्की ठाऊक नव्हतं, म्हणून तो मावशीला विचारायला पुन्हा तिच्याच दाराकडे वळला.